घरी कार लिफ्ट बसवायची तर: नागपूरची जमीन आणि दहा फुटी स्लॅब

कार लिफ्टची चौकशी बहुतेक जण टनांपासून सुरू करतात. साडेतीन टनी घ्यावी की चार, मोटर सिंगल फेज की थ्री फेज. घरगुती वापरात हा प्रश्न शेवटचा. बाजारातली कुठलीही बरी दोन खांबी लिफ्ट स्विफ्ट उचलते तशी फॉर्च्युनरही उचलते. गाडं अडतं ते वर छतापाशी आणि खाली जमिनीपाशी. नागपुरात त्यातही जमीन जास्त अडवते.

आधी छत, कारण ते मोजायला दहा मिनिटं लागतात.

आपल्याकडच्या घरांचा स्लॅब साधारण दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असतो. पण मोजमाप स्लॅबचं नाही, बीमच्या खालच्या कडेचं घ्यायचं, आणि ते बऱ्याचदा नऊ फुटांच्या आसपास निघतं. फ्लॅट स्कीमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये त्याहूनही कमी. आता हिशोब सोपा आहे: छताची उंची वजा गाडीची उंची वजा दहा सेंटीमीटर मोकळी जागा. उरेल तेवढीच गाडी वर जाईल. स्विफ्ट सुमारे १.५३ मीटर उंच, म्हणजे दहा फुटी स्लॅबखाली ती १.४ मीटर वर जाते. क्रेटा १.६४ च्या आसपास, तिला १.३ मीटर मिळतात. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन असेल तर जेमतेम १.१. एवढ्या उंचीवर गाडीखाली ताठ उभं राहता येत नाही, चाकाच्या स्टुलावर बसून काम करावं लागतं. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर ही कामं बसूनही होतात. गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की जागा कमी पडते.

मोजताना पंखा, ट्यूबलाइट, शटरचा ड्रम आणि डिकीचं झाकण विसरू नका. गाडी वर असताना डिकी उघडली आणि काच बीमला लागली, हा प्रकार नेहमीचा. गाडीवर कॅरिअर असेल तर उंची त्याच्यासकट धरायची.

दोन खांबी लिफ्टचे दोन प्रकार मिळतात. एकात केबल आणि पाइप जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात. तिचे खांब साधारण २.८ ते २.९ मीटर. दुसरीत ते वरच्या आडव्या तुळईतून जातात आणि तिला साडेतीन मीटरच्या वर उंची लागते. दहा फुटी स्लॅबखाली दुसरी बसतच नाही. पहिलीसुद्धा बीमची जागा सोडूनच उभी करावी लागते, कारण नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर आणि खांब त्याहून उंच.

एकावर एक दोन गाड्या ठेवायची पार्किंग लिफ्ट पुष्कळांच्या मनात असते. दोन स्विफ्ट मिळून ३.०६ मीटर, त्यात मधला प्लॅटफॉर्म धरा. दहा फुटी स्लॅबखाली हा विषय संपला. त्यासाठी बारा-साडेबारा फुटांचं शेड लागतं, आणि समोरच्या मोकळ्या सोडलेल्या जागेत पक्कं शेड टाकायचं असेल तर आधी महापालिका किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), ज्यांच्याकडून नकाशा मंजूर झाला असेल त्यांच्याकडे विचारा.

आमचं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे दहा फुटी स्लॅब आणि एक-दोन गाड्या आहेत, त्यानं मिड-राइज सिझर लिफ्ट घ्यावी. ती सुमारे एक मीटर उचलते, दुमडल्यावर चार-साडेचार इंच उंच राहते, आणि वजन सरळ खाली देते. मधोमध कात्री असल्यामुळे गाडीच्या पोटातल्या कामांना ती आडवी येते, हा तिचा एकमेव मोठा दोष. चार खांबी लिफ्टही वजन सरळ खाली देते, पण पाच मीटर लांबी खाते आणि चाकं मोकळी करायला वेगळा जॅक लागतो. १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवरच्या घरात ती बसवली की दुचाकी रस्त्यावर उभ्या राहतात. दोन खांबीच हवी असेल, तर पुढचं सगळं वाचा.

दोन खांबी लिफ्ट जमिनीला काय करते

हे नीट कळलं की बाकीचा खर्च का करायचा ते कळतं. समजा गाडी १६०० किलोची. प्रत्येक खांबाच्या वाट्याला ८०० किलो. हे वजन खांबाच्या डोक्यावर नसतं, गाडी उचलणाऱ्या लिफ्टच्या हातांच्या टोकाला असतं, खांबापासून साधारण ९० सेंटीमीटर आत. म्हणजे खांब गाडीच्या बाजूला झुकायला बघतो. बेसप्लेट आतल्या कडेवर टेकते आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर ओढले जातात. बाहेरचे बोल्ट आतल्या कडेपासून ३५ सेंटीमीटरवर धरले तर ८०० गुणिले ९० भागिले ३५, म्हणजे दोन टनांहून जास्त ओढ. ती दोन-तीन बोल्टांत वाटली जाते, आणि ती सोसायची असते काँक्रीटनं. चार टनी लिफ्ट पूर्ण क्षमतेला वापरली तर हाच आकडा पाच टनांवर जातो.

म्हणून पार्किंगच्या चार इंची फरशीत बोल्ट मारून लिफ्ट उभी करू नये. काही परदेशी मॅन्युअलमध्ये चार इंच काँक्रीट चालतं असं लिहिलेलं सापडेल. तिथे ते काँक्रीट ठरावीक ताकदीचं आणि न हलणाऱ्या भरावावर असेल असं धरलेलं असतं. आपल्या पार्किंगमध्ये बहुधा खाली दगडांची सोलिंग, वर हातानं कालवलेलं पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, आणि त्यावर चेकर्ड टाइल. त्यात सळई नाही आणि मिश्रण कुणी मोजलेलं नाही.

काळी माती

नागपूर भूगर्भाच्या दृष्टीनं सीमेवरचं शहर आहे. पश्चिमेकडे दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेकडे जुना नाईस खडक. बर्डीच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर दोन-तीन फुटांत मुरूम लागतो. सखल भागातल्या लेआउटमध्ये, विशेषतः जिथे पूर्वी शेती होती तिथे, काळी माती पाच-सहा फूटही निघते. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर ज्या भेगा दिसतात, तीच हालचाल तुमच्या फरशीखाली कमी प्रमाणात चालू असते.

घराला तडे नाहीत म्हणून पार्किंगही पक्कं, हा समज चुकीचा आहे. घराचे कॉलम फुटिंगवर, म्हणजे जमिनीतल्या रुंद पायावर, उभे असतात आणि फुटिंग कडक मुरमावर. पार्किंगची फरशी मात्र प्लिंथच्या (जोत्याच्या) बाहेर, नुसत्या भरावावर असते. पावसाळ्यात घर जागेवर राहतं आणि फरशी तीन-चार मिलिमीटर वर येते. उन्हाळ्यात परत बसते. त्यावर गाडी उभी राहायला काहीच हरकत नाही. पण दोन खांबांपैकी एक कंपाउंडच्या बाजूला, जिथे ओल जास्त, आणि दुसरा घराच्या बाजूला, जिथे कोरडं, असं झालं की दोन्ही खांब वेगवेगळे हलतात. ओळंबा बिघडतो, केबलचा ताण असमान होतो, आणि गाडी वर अडवून धरणारं लॉक एका बाजूचं आधी बसतं.

खोदण्याआधी फरशीखाली काय आहे ते शोधा. नागपुरातल्या कित्येक घरांत पाण्याची अंडरग्राउंड टाकी पोर्चखालीच असते, आणि जुन्या घरांत सेप्टिक टँकही. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात दिसतं म्हणून टाकी तेवढीच आहे असं नसतं. झाकणातून टेप आत सोडून चारी बाजूंची लांबी मोजा आणि ती वर फरशीवर खडूनं आखा. टाकीच्या स्लॅबवर लिफ्टचा खांब कोणत्याही परिस्थितीत येता कामा नये. फ्लॅटमध्ये पार्किंगखाली बेसमेंट असेल तर तिथेही नाही; ती परवानगी सोसायटीनं दिली तरी स्लॅब देत नाही.

फरशीची जाडी बघायला १२ मिमीचा बिट लावून एक भोक पाडा. बिट एकदम सैल होऊन आत गेला की काँक्रीट संपलं. तिथे तार वाकवून खालच्या कडेला अडकवा आणि मोजा. खांबांच्या दोन्ही जागी पाडा, एकाच जागी नाही.

पाया

दोन खांबांना काँक्रीटचे दोन वेगळे ठोकळे घालण्यापेक्षा दोघांखालून एकच पट्टा घालावा असं आम्ही ठामपणे सुचवतो. मातीनं उचललं तर पूर्ण पट्टा उचलला जातो, खांब एकमेकांशी समांतर राहतात. साडेचार मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २५० मिमी जाड पट्टा साडेतीन-चार टनी लिफ्टला घरगुती वापरासाठी चांगला आहे. तरी तुमच्या लिफ्टच्या मॅन्युअलमधला पायाचा नकाशा आणि जागेवरची माती स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून सही घ्या. त्याची फी सिमेंटच्या काही पोत्यांएवढी असते.

आधी फरशी कटरनं कापून घ्या, घणानं फोडू नका. घणानं फोडली की उरलेल्या फरशीतही तडे जातात. मग काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा. मुरूम खूप खाली असेल तर निदान एक मीटर माती पट्ट्याच्या चारी बाजूंनी अर्धा मीटर जास्त रुंद काढायची. घराच्या फुटिंगच्या पातळीखाली मात्र जायचं नाही. कॉलमला लागून खोदायची वेळ आली तर इंजिनिअर समोर उभा हवा. खड्डा कडक मुरमानं भरा, १५० मिमीचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर. हातातल्या धुम्मसनं एवढ्या खोलीचं काम होत नाही, कॉम्पॅक्टर दिवसभराच्या भाड्यावर मिळतो. रेतीचा भराव टाळा. ठिय्यावरचा माणूस रेती सुचवेल, कारण ती पसरायला सोपी. पण काळ्या मातीच्या खड्ड्यात रेती टाकली की पावसाचं पाणी तिच्यात साठतं आणि आजूबाजूची माती महिनाभर ओली राहते. मुरूम न फुगणारा आणि दाबून घट्ट बसणारा, म्हणून तोच.

मुरमावर १०० मिमी पीसीसी, त्यावर सळ्या. १० मिमीच्या, म्हणजे मिस्त्रीच्या हिशोबात तीन सुती सळ्या, दोन्ही दिशांना १५० मिमी अंतरावर, खाली एक जाळी आणि वर एक. लांबीच्या ११ आणि आडव्या ३१ सळ्या एका जाळीला लागतात. दोन जाळ्यांचं मिळून वजन सुमारे ११५ किलो होतं. खाली आणि वर ५० मिमी कव्हर. इथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: बेसप्लेटच्या भोकांची मापं आधी मिळवा आणि वरच्या जाळीतल्या सळ्या त्या जागांपासून सरकवून बांधा. नंतर ड्रिल सळईवर अडकलं तर भोक तिरकं जातं किंवा सळई कापावी लागते. प्लेटच्या मापाचं पुठ्ठ्याचं टेम्पलेट कापून जाळीवर ठेवलं की काम सोपं होतं.

घराचा कॉलम किंवा प्लिंथ बीम आणि हा पट्टा यांच्यामध्ये २५ मिमी थर्माकोलची शीट घाला. पट्ट्याला घराशी जोडायचं नाही.

काँक्रीट एम-२५ ताकदीचं. पट्ट्याचं घनफळ १.७ घनमीटर येतं. एवढ्याशा मालासाठी आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी परवडत नाही, कारण तिचं कमीत कमी भाडं यापेक्षा बरंच जास्त असतं. जागेवर मिक्सरमध्ये १:१:२ प्रमाणानं केलं तर १९ पोती सिमेंट, पाव ब्रासपेक्षा थोडी कमी रेती आणि अर्ध्या ब्रासच्या आत २० मिमीची गिट्टी लागते. रेती कन्हानची धुतलेली मिळाली तर उत्तम, मातकट रेती नको. पाण्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं: पोत्याला २२ लिटर, जास्त नाही, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्रीला माल पातळ हवा असतो, कारण तो पसरायला सोपा जातो. त्यानं बादलीभर पाणी वाढवलं की एम-२५ चं एम-१५ व्हायला वेळ लागत नाही. पसरत नसेल तर प्लास्टिसायझर घाला आणि नीडल व्हायब्रेटर वापरा.

मार्च ते जून ओतकाम करत असाल तर पहाटे सुरू करून आठपर्यंत संपवा. गिट्टीवर आदल्या रात्री पाणी मारून ठेवा. उन्हात तापलेली गिट्टी आणि टाकीतलं कढत पाणी यांनी माल मिक्सरमध्येच सेट व्हायला लागतो आणि वरून बारीक तडे जातात. नवतपात हे काम काढूच नका. पृष्ठभाग आवळला की मातीचं आळं करून पाणी भरा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार कोरड्या, उष्ण हवेत क्युरिंग किमान १० दिवस, आणि पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक पीपीसीच, म्हणून १४ दिवस धरा. लिफ्ट उभी करायची २८ दिवसांनंतर. घाई करणाऱ्या डीलरचा फिटर पंधराव्या दिवशी दारात आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

पट्ट्याचा वरचा भाग सपाट हवा. पार्किंगला गेटकडे धुण्याच्या पाण्यासाठी उतार असतो, तो इथे घालायचा नाही. लेव्हल ट्यूबनं दोन खांबांच्या जागा ३ मिमीच्या आत एका पातळीत ठेवा. आणि बेसप्लेटखाली टाइल नको, नंतर घातलेलं आयपीएसही (सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर) नको. बोल्टनं पट्ट्याचंच काँक्रीट धरायला हवं. वरचा दीड इंची थर नुसता बोल्टची लांबी खातो.

खांब आणि बोल्ट

लिफ्ट उतरवायला गेटपर्यंत हायड्रा क्रेन येते, स्लॅबखाली येत नाही. एक खांब दोनशे किलोच्या पुढे असू शकतो. पंख्याच्या हुकाला चेन ब्लॉक अडकवून खांब उभा करण्याची युक्ती कुणीतरी सुचवेलच. तो हुक पंख्यासाठी आहे. इंजिन उतरवायची चाकाची क्रेन भाड्यानं आणा आणि चार माणसं ठेवा.

गाडी कशी आत येते त्या रेषेवर मधली रेघ मारा, तिला काटकोनात खांबांची रेघ. खांबांच्या पायांमधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवून दोन्ही कर्ण मोजा. ते ३ मिमीपेक्षा जास्त वेगळे असतील तर खांब समोरासमोर नाहीत. मागे भिंतीपर्यंत आणि पुढे शटरपर्यंत माणूस टूल ट्रॉली घेऊन फिरेल इतकी जागा राहते का, हे गाडी प्रत्यक्ष उभी करून बघा.

एका खांबाची सगळी भोकं आधी पाडा. एसडीएस-मॅक्स रोटरी हॅमर हवा, साध्या ड्रिलनं भोक वाकडं होतं. बिटचा व्यास बोल्टबरोबर दिलेल्या सूचनेतलाच. डायमंड कोअरनं भोक पाडू नका. त्याच्या गुळगुळीत भिंतीवर एक्स्पान्शन बोल्टची पकड कमी बसते. भोक पाडल्यावर ब्रश फिरवा, हवा मारा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. बोल्ट घट्ट करताना फिरत राहण्याचं सगळ्यात मोठं कारण भोकातली भुकटी असते. दुसरं कारण मोठं झालेलं भोक. तिथे केमिकल अँकर (रसायनानं भोकात चिकटणारा बोल्ट) लावा, पत्र्याची पाचर घालून वेळ मारून नेऊ नका.

ओळंबा दोन बाजूंनी बघा, समोरून आणि बाजूनं. फरक काढायला बेसप्लेटखाली लोखंडी शिम (पातळ चकत्या) द्यायचे, बोल्टच्या अगदी जवळ, एकूण १२ मिमीच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर पट्टा चुकलाय. शिम देऊन उरलेल्या पोकळीत नॉन-श्रिंक ग्राउट भरा. मग टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधला टॉर्क द्या. पाइप लावून ‘आता घट्ट झालं’ असं हातानं ठरवायचं काम इथे नाही. गाडी पहिल्यांदा उचलून उतरवल्यावर पुन्हा टॉर्क तपासा, आठवड्यानं पुन्हा. सुरुवातीला थोडा टॉर्क कमी होणं नेहमीचं आहे. एखादा बोल्ट दर वेळी सैल सापडत असेल तर तो काँक्रीटमधून वर येतोय, आणि तेव्हा लिफ्ट बंद.

वीज

२.२ किलोवॅटची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडला १५ अँपियरच्या आसपास घेते, चालू होताना त्याच्या पाच-सहा पट. तिला मेन बोर्डपासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची लाइन, सी कर्व्हची २५ अँपियरची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) द्या. एसीच्या पॉइंटवरून चालवू नका. महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. दोन एसी आणि ही मोटर मिळून तो ओलांडत असेल तर वाढीचा अर्ज करा.

मे महिन्याच्या संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर-एसी चालू असताना व्होल्टेज पडतो. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चे १९० झाले की टॉर्क ६८ टक्के उरतो. मोटर नुसती गुणगुणते, गाडी उचलत नाही, आणि कपॅसिटर जळतो. स्टार्टिंग कपॅसिटर एक जास्तीचा घेऊन ठेवा.

घरात थ्री फेज असेल तर तीच मोटर घ्या. करंट पाच अँपियरच्या आसपास आणि सुरुवात सौम्य. तिला डीओएल (मोटर थेट चालू करणारा) स्टार्टर ओव्हरलोड रिलेसकट लावा आणि पहिल्यांदा अर्ध्या सेकंदाचा झटका देऊन फिरण्याची दिशा बघा. पंप उलटा फिरला तर तेल ओढत नाही आणि कोरडा चालून खराब होतो. दिशा उलटी असेल तर कोणतेही दोन फेज अदलाबदल करायचे. महावितरणनं विजेच्या खांबावर काम केलं की दिशा पुन्हा बघावी लागते.

वीज गेली की एक अडचण येते, ती विक्रेता आधी सांगत नाही. गाडी लॉकवर टेकलेली असेल तर लॉक सोडायला गाडी आधी इंचभर वर घ्यावी लागते, आणि त्यासाठी मोटर हवी. इन्व्हर्टर ही मोटर ओढत नाही, छोटा जनरेटरही सुरुवातीच्या झटक्याला दम टाकतो. हातपंपाची सोय असलेलं पॉवर युनिट मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर सकाळी ऑफिसला जायची गाडी रात्री वर ठेवू नका.

तेल, केबल, पहिली उचल

हायड्रॉलिक तेल दहा-बारा लिटर लागतं. मॅन्युअलमध्ये व्हीजी ३२ आणि ४६ दोन्ही चालतात असं असेल तर नागपुरात ४६. हा आकडा ४० अंशांना तेल किती दाट असतं ते सांगतो, आणि आपल्या गॅरेजमधली टाकी उन्हाळ्यात त्याहून गरम असते. ३२ त्यात जास्तच पातळ होतं. तेल गाडी खाली आणि हात खाली असतानाच भरा. हात वर असताना टाकी काठोकाठ भरली तर उतरवताना सगळं तेल जमिनीवर येतं.

होजच्या शंकूच्या आकाराच्या जोडांना टेफ्लॉन टेप लावू नका. जोड धातूवर धातू बसून पक्का होतो. टेपचे तुकडे मात्र उतरवण्याच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात आणि मग लिफ्ट एकतर मुंगीच्या पावलानं उतरते, नाहीतर दाबून धरलेली जागा हळूहळू सोडते. होज जोडण्याआधी दोन्ही टोकांतून हवा मारा. रिलीफ व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, त्याचा दाब कारखान्यात ठरलेला असतो.

केबलचं काम एकच: दोन्ही बाजूंचे कॅरेज, म्हणजे खांबावर सरकणारे हातांचे भाग, एका उंचीवर ठेवणं. दोन्ही कॅरेज एकाच लॉकवर टेकवा, मग दोन्ही केबलचे नट आवळा. वर घेताना दोन्ही बाजूंच्या लॉकचा ‘टक’ एकाच वेळी ऐकू यायला हवा. वेगवेगळा येत असेल तर मॅन्युअलप्रमाणे केबलचा ताण पुन्हा जुळवा. नवीन केबल पहिल्या महिन्यात थोडी ताणली जाते, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं.

गाडीशिवाय आठ-दहा वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. मग घरातली सगळ्यात हलकी गाडी. हातांच्या टोकाचे पॅड गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जॅक पॉइंटखालीच. स्विफ्टसारख्या गाड्यांना उंबऱ्याच्या पत्र्याची शिवण खाचेत बसेल असे रबरी पॅड हवेत. सपाट पॅडवर ती शिवण वाकते. थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरला पॅड चॅसिसखाली द्यावे लागतात, त्यासाठी उंची वाढवायचे अडॅप्टर घ्या. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच्या खोक्याला पॅड लागत नाही ना, हे खाली वाकून बघा. चाकं जमिनीपासून अर्धा फूट सुटली की थांबा आणि बंपर धरून जोरात हलवा. एखादा पॅड सैल असेल तर इथेच कळतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत वजन पुढे जास्त असतं. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर ते थोडं मागे सरकतं. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवताना तोल एकदम मागे जातो, म्हणून आधी मागच्या बाजूला उंच स्टँड लावून घ्या.

वर गेल्यावर उतरवण्याचा लिव्हर दाबून गाडी लॉकवर टेकवा. मगच खाली जा. तेलाच्या दाबावर उभ्या गाडीखाली बोल्ट उचलायलासुद्धा शिरू नका.

देखभालीतलं बहुतेक काम ग्रीस आणि पुसणं एवढंच. ओळंबा मात्र वर्षातून दोनदा बघा, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे माती सर्वांत कोरडी आणि सर्वांत ओली असताना. दोन्ही वाचनं खांबावरच मार्करनं लिहून ठेवा. फरक वाढत असेल तर आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा: गच्चीचा पाइप पट्ट्याशेजारी उघडा पडतोय का, कूलरचा ड्रेन तिथेच सोडलाय का, कंपाउंडलगतच्या कुंड्यांचं आणि झाडांचं पाणी कुठे जातं. कूलरचं पाणी फसवं असतं, कारण सगळीकडची माती कोरडी असताना ते एकाच कोपऱ्यात रोज मुरतं. पाणी वळवून एक पावसाळा जाऊ द्या, आणि त्यानंतरच शिमला हात लावा.